बत्तीस वर्षांचे दोन शर्ट

माणसाला दोन शर्ट आणि एक खोली पुरते, हे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो. एक अंगात, एक दोरीवर. मी कारखान्यात वजनकाट्यावर होतो. कुणी नवे कपडे घालून आलं की मी त्याला माझ्या खिशावरचा शाईचा डाग दाखवायचो. मुलगी झाली त्या वर्षी पेन गळलं, तेव्हाचा हा शर्ट, अजून ठणठणीत. लोक माना डोलवायचे. काही जण मला बघून वाट बदलायचे, तेही खरं.

बायको जाऊन आठ महिने झाले आणि तेवढ्यात दोन्ही शर्टांच्या कॉलरी विरल्या. मला वाटलं, साबण वाईट निघाला.

त्यातच वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. ‘गरजा किती असाव्यात’ यावर रविवारी बोला म्हणाले. “आणि तोच शर्ट घालून या. लोकांना बघायचाय.” खाट, स्टोव्ह, दोन खुर्च्या, एवढीच माझी खोली. ती त्यांनी डोळे भरून पाहिली. “याला म्हणतात घर.” बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

कॉलर उलटून घ्यायला शर्ट शिंप्याकडे नेला. त्याने तो उजेडात धरला.

“काका, हा काही टिकत नाही आता. अकरावा ना हा?”

“काय अकरावा?”

त्याने तोंडातली टाचणी काढून ठेवली. “काकू बोलल्या नाहीत कधी? मग मीही नाही बोलत.”

“आता कुणापासून लपवतोस?”

“तुमच्यापासूनच.”

मी स्टुलावर बसून राहिलो, तेव्हा तो बोलला. एकाच कापडाचा अख्खा तागा तिने घेऊन ठेवला होता. शर्ट विरत आला की त्याच मापाचा दुसरा. तो नवा शर्ट तिने दुकानामागच्या नळावर पाच-सहा वेळा धुवायचा, कॉलर दगडावर घासायची आणि खिशावर डाग पाडायचा.

“पेन माझंच घ्यायच्या. एकदा डाग मोठा पडला, तर काय घाबरल्या होत्या.”

“मग?”

“मग काय, तुम्हाला कळलंच नाही. मी म्हणायचो, काकू, सरळ सांगा ना नवा शिवला म्हणून. तर म्हणायच्या, त्यांना शर्टाचा शौक नाही रे, जुन्या शर्टाचा आहे.”

मग तो शिडी लावून माळ्यावर चढला. “आता ट्रंकही घेऊन जा. अडगळ म्हणून तुम्ही घराबाहेर काढलीत, तेव्हापासून माझ्याकडेच आहे.”

ट्रंकेत गाद्या-रजया होत्या, जास्तीची ताटं होती. आमच्याकडे पाहुणे आले तर कधी काही कमी पडत नसे. त्याचं श्रेय मी साध्या राहणीला देत होतो.

रविवारी आजारी पडणं सोपं होतं. अध्यक्षांना निरोप पाठवला असता की झालं. पण मग तिने घासलेल्या अकरा कॉलरी माझ्याच नावावर राहिल्या असत्या. मी गेलो. कॉलर विरलेलाच शर्ट घातला आणि सगळं सांगून टाकलं: तागा, नळ, डाग, माळा.

लोक खूप हसले. अध्यक्ष उठून म्हणाले, “बघा, मोठेपणा घ्यायला तयार नाहीत.” पुढच्या रांगेत बसलेल्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एकाने खिशाला हातही लावून पाहिला.

मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. “तुमच्या मिसेसना स्वतःचे कपडे किती होते?”

मी तोंड उघडलं. तिच्या अंगावरचा एक रंग आठवला, बहुतेक निळा. मग तोही नक्की वाटेना. दोरीवर माझ्या शर्टाशेजारी काय वाळत असायचं, ते मी रोज पाहत होतो.

“त्यांचीही राहणी साधीच असणार,” अध्यक्ष मला सावरायला म्हणाले.

“माहीत नाही,” मी म्हणालो आणि आठवत उभा राहिलो. भाषण संपलं असं समजून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.