कोकुरातली कोंड्याची बरणी

मित्रांनो, मी चिनीमातीची एक जुनी बरणी. रंगाने तपकिरी, काठाचा एक टवका उडालेला. डोंगरापलीकडच्या कुंभाराने मला भाजले, आणि पुढचे सारे आयुष्य जपानमधल्या कोकुरा शहरात, नदीकाठच्या एका लहानशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेले. माझ्या पोटात तांदळाचा कोंडा आणि मीठ मुरत असते. त्यात काकडी, वांगी, मुळे पुरून ठेवतात, आणि त्याच कोंड्यात बांगडा शिजवतात. हा कोंडा मालकीण त्सुरुयोबाईंच्या आजेसासूने घातलेला. तो रोज हाताने तळापासून ढवळावा लागतो. खंड पडला की माझे पोट बिघडते.

पूर्वी लोक माझी फार स्तुती करत. मग स्टेशनजवळ मोठे हॉटेल उभे राहिले आणि आमच्याकडची वर्दळ आटली. तिथली माणसे पाहुणे बनून येत, जेवत, आणि जाताना चवीचे गुपित विचारत. एकाने तर हातरुमालात मूठभर कोंडा गुंडाळला होता. तेव्हापासून त्सुरुयोबाई प्रत्येक पाहुण्याच्या हातांकडे बघतात. मीही बघते. आमच्यापाशी उरली ती एवढी चव. ती दुसऱ्याकडे गेली की आमचे दार बंद.

गेल्या शरदात मिनागावा नावाचे गृहस्थ दोन दिवसांसाठी एकटेच आले. त्यांनी ना किल्ला पाहिला, ना बाजार. बांगडा डोळे मिटून खाल्ला, काकडीची फोड नाकाशी धरली, भात पुन्हा पुन्हा मागून घेतला. मग पाणी हवे म्हणून स्वयंपाकघरात आले आणि पाणी न घेता माझ्याकडेच टक लावून उभे राहिले.

“वहिनी, हा माणूस जेवायला नाही, हुंगायला आलाय,” त्सुरुयोबाईंचे दीर गेन्सुके म्हणाले.

“दिसतंय मला. उद्या त्याला विकतचं लोणचं वाढा.”

“विकतचं? आपल्या घरात? दादा वरून बघत असेल!”

“बघू दे. ताटात काय वाढलंय ते ह्यांना जन्मात कधी कळलं?”

दुसऱ्या संध्याकाळी पाहुण्यांनी सगळे ताट संपवले, पण लोणच्याची एक फोड खाऊन बाकीचे तसेच ठेवले. आमचा संशय पक्का झाला. इतकी तयार जीभ साध्या माणसाची असते का?

त्सुरुयोबाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. “आता खरं सांगा. कुठल्या हॉटेलातून आलात?”

“हॉटेल?” ते गांगरले. “मी बस चालवायचो, मालकीणबाई. निगाताला. आम्ही बहीणभाऊ मूळचे इथलेच. ताई दवाखान्यात होती तेव्हा तिची बरणी माझ्यावर सोपवलेली. मी रोज झाकण उघडायचो, वास आला की बंद करायचो. कोंडा मेला. ताई घरी आलीय, पण त्या लोणच्यावाचून दोन घास पोटात जात नाहीत तिच्या. मूठभर कोंडा मागायचा होता. जीभच रेटेना.”

“गोष्ट झकास रचलीय,” गेन्सुके कुजबुजले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. मलाही तसेच वाटले.

त्सुरुयोबाईंनी पाहुण्यांना माझ्यापुढे आणले. “घाला हात. ढवळून दाखवा.”

मी सावध झाले. सराईत स्वयंपाक्याची बोटे काठाकाठाने गुपचूप तळाशी उतरतात. ती ओळख लपत नाही. ह्या गृहस्थांनी घड्याळ काढले नाही, बाही सारली नाही. नाक दाबून त्यांनी दोन बोटे वरच्यावर खुपसली, आणि कोंडा उडून त्यांच्याच चष्म्यावर बसला.

त्सुरुयोबाईंना हसू आवरेना. “भावजी, त्या हॉटेलनं असला स्वयंपाकी ठेवला असता, तर आपल्या दाराशी रांग लागली असती!” मग पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, “अहो, बसचा हॉर्न दाबताय का? खालचं वर आणा, वरचं खाली न्या!”

सकाळी निघण्याआधी त्यांनी पुन्हा ढवळले. ह्या वेळी त्यांचा हात कोपरापर्यंत आत आला. बाईंनी डबा भरून कोंडा दिला.

“रोज. वास आला तरी,” त्या म्हणाल्या.

“रोज,” ते म्हणाले आणि डबा छातीशी धरून गेले.

मी म्हातारी आणि संशयी. त्यांनी शब्द पाळला असेल का, ताईंच्या घशाखाली भात उतरला असेल का, हे मला इथे बसून कधीच कळणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादे जुने भांडे किंवा जुने माणूस कोपऱ्यात असेल, तर वास येतो म्हणून झाकण लावून जाऊ नका. वास येतो तोवर आत जीव असतो. हात तेव्हाच घालायचा असतो.