कॅम एकीकडे, सायलेन्सर भलतीकडे

माझ्या नवऱ्याच्या मोटरसायकलीने दोन उन्हाळे धड रस्ता पाहिलेला नाही. आणि आमच्या विस्कॉन्सिनात उन्हाळा असतो तरी केवढा? बर्फ वितळतं, डास येतात, डास मरतात आणि परत बर्फ. तेवढ्यात जो फिरला तो फिरला, बाकीच्यांनी गॅरेजात बसावं. लेलंड गॅरेजात बसतो. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ बघते.

दर जूनमध्ये शाळा सुटली आणि मी चालवते ती शाळेची बस डेपोत लागली, की आम्ही दोघं सुपीरियर सरोवराला वळसा घालायला निघायचो. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. तो पुढे, मी मागे, दोन्ही बाजूंना पिशव्या. एका बाजूला पाणी, समोर त्याची रुंद पाठ, आणि बोलायची गरज नाही. वर्षभर पोरांचा कलकलाट ऐकणाऱ्या बाईला ते काय असतं, ते सांगून कळायचं नाही. त्या प्रवासावर मी बाकीचं वर्ष ढकलते. मग याला इंजिनाची ताकद वाढवायचं खूळ लागलं.

खुळाला माझी ना नव्हती, कारण या विषयातलं लेलंडला खरोखर कळतं. हिवाळ्यात दर शुक्रवारी टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गावच्या बारमध्ये, तळलेले मासे खाताना तो मोटरसायकल क्लबातल्या लोकांचे वर्ग घेतो. "अरे बाबांनो, इंजिन श्वास घेतं. जेवढं आत, तेवढं बाहेर. झडपा कधी आणि किती उघडायच्या ते ठरवणारा कॅम, पिस्टन आणि सायलेन्सर, हे तिघं एकमेकांशी जुळवून निवडायचे. नुसता आवाज ऐकून सायलेन्सर घेणं म्हणजे टोपी आवडली म्हणून डोकं तासणं." लोक माना डोलावतात.

आणि स्वतः काय केलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान! पहिल्या उन्हाळ्यात सायलेन्सरच्या जागी सरळसोट उघडे पाइप आणले, शेजारची कुत्री पलंगाखाली जातील असे. त्यांच्या जोडीला शर्यतीचा कॅम. एकट्याने बसून इंजिन किंचाळेपर्यंत पिळलं तर गाडी सुसाट जायची. पण मला आणि पिशव्यांना घेऊन चढ लागला, की मधल्या वेगाला इंजिनात जीवच नाही. मागून दुधाचा टँकर आला आणि आम्हाला ओलांडून गेला. वर ड्रायव्हरने प्रेमाने हात केला. आम्ही तिथूनच परत फिरलो.

मग याने कॅम बदलला, पाइप तेच ठेवले. पुढे पाइप बदलले, बारीक घेतले, आणि त्यांच्यावर पिस्टन आणले भलेमोठे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"हे तरी एकमेकांशी जुळतात का?" मी विचारायची.

"जुळतील."

"कधी? आपण मेल्यावर?"

"मार्लिस, इंजिनाला घाई चालत नाही."

"मला चालते! जून संपला, लेलंड!"

तो फडक्याला हात पुसत राहायचा. त्या फडक्याचा मला इतका राग येई की एकदा मी ते चुलीत घातलं.

क्लबातल्या बाकीच्यांचा मूर्खपणा मला समजतो. दर वसंतात टॅव्हर्नच्या अंगणात गाड्या रोलरवर चढवतात, चाक फिरवून ताकद मोजतात आणि आकडा खडूने फळ्यावर लिहितात. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला बाकीच्यांनी ब्रँडी पाजायची. त्या एका आकड्यापायी आमचे पुरुष इंजिनं अशी बांधतात की ती फक्त रोलरवरच चालावीत. पण लेलंड त्यातला नव्हता. फळ्यावर नाव यावं म्हणून धडपडणाऱ्यांना तोच हसायचा.

मग माझ्या मनात नको ते यायला लागलं. मी पूर्वीपेक्षा जड झालेय. वळणावर आता मी त्याला घट्ट धरते, त्याचा त्याला त्रास होत असेल. गाडी मुळी दोघांसाठी तयार होतच नाही, याचा दुसरा अर्थ काय लावायचा? मागे मी नको आहे. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून हा कॅम आणि तो पाइप. हे मी कुणाला बोलले नाही. नुसती आदळआपट करत राहिले.

या वसंतात मात्र मी उठले आणि थेट ड्वेनकडे गेले. ड्वेन पिएट्रोव्स्की म्हणजे लेलंडचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं सुट्या भागांचं दुकान आहे, आणि तोंडही सुटंच.

"ड्वेन, दोन माणसं आणि सामान चढावर नेणारं इंजिन हवंय. एकमेकांशी जुळणारे सगळे भाग एका खोक्यात घाल. त्याला निवडायला काही ठेवू नकोस."

"च्यायला, लेलंडला मी सामान निवडून द्यायचं? पोपाला प्रार्थना शिकवण्यासारखं आहे."

"पोप दोन वर्षं झाली गॅरेजात अडकलाय. घाल."

त्याने घातलं. कॅम मधल्या वेगाला जोर देणारा, त्याला साजेसे पिस्टन, आणि दोन्ही नळ्या पुढे एकत्र होऊन एकाच तोंडाने बाहेर पडणारा सायलेन्सर. लेलंडने खोकं उघडलं, एकेक भाग बाहेर काढून पाहिला आणि म्हणाला, "चांगला जोड आहे." आवाजात आनंद नव्हता. तरी त्याने बसवला. रोलरवर आकडा बेताचाच आला. "काय रे, शिलाई मशीन आणलंस का?" असं क्लबातली पोरं ओरडली, तेव्हा मीच त्यांना झापलं.

शनिवारी आम्ही दोघं पिशव्या बांधून नदीकाठच्या डोंगरावर चाचणीला निघालो. काय सांगू! गाडी खालपासूनच ओढत होती. मी त्याच्या पाठीला गाल लावला. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम वर गेला आणि गाडी मात्र मागे पडायला लागली. इंजिन ओरडतंय आणि चाकाला पत्ताच नाही. जळका वास आला. आम्ही रखडत रखडत घरी आलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं.

ड्वेन आला, त्याने क्लचचं झाकण काढलं आणि आत बघून लेलंडकडे पाहिलं. "ही तर जुनीच स्प्रिंग. इतक्या जोराला ही मऊ स्प्रिंग क्लच कशी धरून ठेवील? कडक दिली होती ना मी? माझ्या हाताने खोक्यात टाकली होती."

"राहिली असेल," लेलंड म्हणाला.

"तुझ्याकडून? राहिली?" ड्वेनने माझ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि निघून गेला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच गप्प बसला असेल.

वायसर जमिनीवर पडला तर जेवण सोडून शोधणारा माणूस. त्याच्याकडून स्प्रिंग राहत नाही. आणि न जुळणारा कॅमही तो चुकून आणत नाही. दोन उन्हाळे तो चुकत नव्हताच.

"तुला मागे मी नको आहे," मी म्हणाले. शेवटी बोललेच. "सरळ सांग. मी बसने फिरेन, पण हा तमाशा बंद कर."

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला थोबाडीत मारली.

"वेडी आहेस का तू?" तो स्टुलावर बसला. डावा हात त्याने गुडघ्यावर ठेवला. "करंगळी आणि शेजारचं बोट. बधिर असतात. आता तळहाताकडेही सरकतंय. सरोवराच्या शेवटच्या फेरीत ड्युलथ शहरातल्या सिग्नलला गाडी धक्का खाऊन पुढे गेली, आठवतं? तू हसलीस. म्हणालीस, म्हातारा झालास. अगं, क्लच हातातून सुटला होता. समोर ट्रक होता, मार्लिस. कडक स्प्रिंग घातली तर क्लचचा दांडा मला या हाताने दाबताच येणार नाही. एकटा असतो तर पडलो असतो, उठलो असतो. मागे तू असतेस."

"मग बोलायचं नाही का?"

"बोललो असतो तर गाडी विकायला लावली असतीस."

"लावलीच असती!"

"बघ."

"डॉक्टर नावाची वस्तू असते, लेलंड! दोन वर्षं! मी रात्रंदिवस स्वतःला आरशात बघत होते, गाढवा!"

 मग तो हळूहळू बोलायला लागला. तेलाच्या दाबावर चालणारा क्लच मिळतो म्हणे, हलका, दोन बोटांनी दाबता येतो. ड्वेनला विचारू. डॉक्टरकडेही जाऊ, हो, जाऊ. जून गेला तर ऑगस्ट आहे, ऑगस्टात डास कमी असतात.

मी त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसले आणि त्याचा डावा हात हातात घेतला. थंड होता. मी त्याच्या करंगळीत नख रुतवलं, कातडी पांढरी पडेपर्यंत. तो गाडीकडे बघत ऑगस्टबद्दल बोलत राहिला.