तिसरी बरणी

काउंटरवर तीन बरण्या होत्या. पहिलीत मक्याचे दोनशे एकतीस दाणे, दुसरीत दोनशे अठरा, तिसरीत अकरा. पहिल्या दोन माझ्या आईने ठेवल्या होत्या, तिसरी मी. दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत, आमच्या कॅफेत हे चालतं. कॉफी संपवायची, वाडग्यातून एक दाणा उचलायचा आणि जाताना आपल्या उमेदवाराच्या बरणीत टाकायचा. लाल झाकण गव्हर्नरसाहेबांचं, निळं सिनेटरबाईंचं. माझ्या बरणीला झाकण नव्हतं, नुसती चिठ्ठी होती. 'पाणी'.

आमच्या नळाच्या पाण्यात नायट्रेट आहे. शेतांतलं खत झिरपून गावाच्या विहिरींत उतरतं. लिटरला दहा मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्यापुढे तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, बाळ निळसर पडतं. पाणी उकळून उपयोग नाही, उलट ते आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. मी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत हेच मोजते. जूनपासून आकडा दहाच्या वर होता. माझ्या बहिणीचा, ब्रिटाचा, मुलगा ओटिस सात आठवड्यांचा होता आणि ती त्याचं दूध विकतच्या बाटलीतल्या पाण्यात कालवत होती. पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवायला गावाने कर द्यावा का, हा प्रश्न याच निवडणुकीच्या मतपत्रिकेवर होता.

ही बातमी नव्हती. बातमी ही होती, की सिनेटरबाईंनी जत्रेत मक्याचं कणीस सुरीने सोलून खाल्लं. तीन दिवस टीव्हीवर चार तज्ज्ञ त्या सुरीबद्दल बोलत होते. बाईंना खेडी कळतात का? सुरी कोणी दिली? मग गव्हर्नरसाहेब नवे कोरे बूट घालून एका गोठ्यात उभे राहिले आणि एका तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच दिसली, तेव्हा तज्ज्ञ सुरीवरून बुटावर आले. दोघांनीही आमच्या मक्याची तोंड भरून स्तुती केली. तो मका कुठल्या पाण्यात उकडला होता, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात एका टीव्ही वाहिनीची माणसं कॅफेत आली. वार्ताहराचं नाव प्रेस्टन. अंगात घडी न मोडलेला चौकड्यांचा शर्ट, बहुधा आमच्यातला दिसावा म्हणून. बरण्या बघून तो हरखला.

"वा! पण ही तिसरी कसली?"

"पाण्याच्या प्रश्नाची," मी म्हटलं. "मतपत्रिकेवर आहे. आमच्या पाण्यात नायट्रेट..."

"छान, छान. पण कसं आहे, दोनच असल्या की चुरस दिसते. तीन म्हटलं की बघणारा गोंधळतो."

"बघणाऱ्याला तीनपर्यंत मोजता येत असेल."

खिडकीशी रोज बसणाऱ्या व्हर्लिनला कॉफीचा ठसका लागला. त्याचा डुकरं पाळायचा धंदा आहे. "किर्स्टन, पोरी, बोलत काय बसलीस? एक ग्लास पाज की त्याला."

"मी माझी बाटली आणलीय, थँक्यू," प्रेस्टन हसून म्हणाला. मस्करी त्याला कळलीच नव्हती.

तोवर आईने माझी बरणी उचलून मोहरीच्या सॉसच्या डब्यामागे सरकवली होती.

"आई!"

"अगं, दहा मिनिटं. ते गेले की ठेवते परत. आपलं कॅफे टीव्हीवर येतंय, तुला चिडायला काय झालं?"

"मला काही झालं नाही. व्हायचं ते ओटिसला होईल."

"त्याच्यासाठी मी मत देणारच आहे. नातू माझा आहे. तू मला शिकवू नकोस."

"मार्लिस," प्रेस्टनने तिला पहिल्या नावाने हाक मारली, जणू काही लहानपणापासून ओळखतो, "खरं सांगा, कणीस कसं खायचं असतं?"

आणि माझ्या आईने दोन्ही हातांत हवेतलं कणीस धरून दाखवलं. तेवढंच प्रसारित झालं. ते गेल्यावर तिने तळणाचा फ्रायर पुसला, टेबलं पुसली, फोनवर तीन मैत्रिणींना वाहिनीचं नाव सांगितलं. बरणी डब्यामागेच राहिली.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी चर्चमधल्या मतदान केंद्रावर रांगेत उभी राहून मत देऊन आले होते. आई दुपारी गेली आणि छातीवर 'मी मतदान केलं'चा स्टिकर मिरवत लगेच परतली.

"काय गर्दी चर्चच्या तळघरात! पण मतपत्रिका हातात आल्यावर अर्ध्या मिनिटात उरकलं माझं."

"अर्ध्या मिनिटात? मागची बाजू भरलीस ना?"

"कुठली मागची?"

"कागदाची. पाण्याचा प्रश्न मागे आहे, आई. खाली बाण काढलाय, 'पान उलटा' म्हणून."

तिचा हात स्टिकरवर गेला. "मला वाटलं, त्या दोघांचं झालं की झालं. मी मोजणीच्या मशीनमध्ये घातली ना ती. हिरवा दिवा लागला. थांब, मी जाऊन सांगते त्यांना, मला परत द्या म्हणून."

"परत देत नाहीत."

खिडकीशी व्हर्लिनने कप खाली ठेवला. त्याच्याही शर्टावर स्टिकर होता. "मागे पण होतं?" त्याने विचारलं.

मला त्या टीव्हीवर काहीतरी फेकून मारायचं होतं, त्या चार तज्ज्ञांवर, बुटांवर, सुरीवर. त्यातलं कोणी हाताशी नव्हतं. आई होती.

"अख्ख्या देशाला कणीस धरायला शिकवलंस," मी ओरडले, "आणि तुला एक कागद उलटता आला नाही?"

वाकून तिने डब्यामागची बरणी काढली, फडक्याने पुसली आणि काउंटरवर पहिल्या दोन बरण्यांच्या शेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेस्टन टीव्हीवर नकाशासमोर उभा राहून चुरशीबद्दल बोलत होता. आमच्या गावात एकूण मतपत्रिका एक हजार एकशे त्रेसष्ट. राष्ट्राध्यक्षपदासाठी खूण केलेल्या एक हजार एकशे अठ्ठावन्न. पाण्याच्या प्रश्नावर खूण केलेल्या सहाशे सत्त्याण्णव. कराच्या बाजूने तीनशे एकोणचाळीस, विरुद्ध तीनशे अठ्ठावन्न.

मी आवाज बंद केला, नमुन्याची बाटली घेतली आणि ब्रिटाकडे गेले. ओटिस तिच्या खांद्यावर झोपला होता. तिने निकाल विचारला नाही, नुसती नळासमोरून बाजूला झाली. मी पाणी थोडं वाहू दिलं, बाटली भरली आणि प्रयोगशाळेत नेली.

ब्रिटाच्या स्वयंपाकघरातला नळ : लिटरला चौदा पूर्णांक दोन मिलिग्रॅम.