अल्फान्सोची चित्रं
मालाडच्या गावठाणातल्या घरी यव्होनने आधी स्कॅनर आणला होता. वडील, अल्फान्सो, गेल्यावर त्यांनी काढलेली गावाची चित्रं आणि जुने फोटो तिला संगणकावर उतरवून ठेवायचे होते. पण पहिल्याच चित्राचा निळा रंग पोपडा होऊन स्कॅनरच्या काचेला चिकटला.

"झाकणाखाली दाबतेस कशाला गं?" अक्षता ओरडली. ही तिची भांडुपची मैत्रीण कलादालनांसाठी चित्रांचे फोटो काढायची. "चित्र टेबलावर सपाट ठेव, वर स्टँडला कॅमेरा लाव, दोन्ही बाजूंनी दिवे. रंगाला कशाचा धक्काच नको."

यव्होनने अजिबात न हलणारा, जाड लोखंडी दांड्याचा स्टँड निवडला. दोन दिवसांत चित्रं झाली. तिसऱ्या दुपारी जुने फोटो टेबलावर मांडून ती एकटीच स्टँडला दांडा पुन्हा बसवत होती, तेवढ्यात तिचा भाऊ डॅरिल आत घुसला. गावच्या विहिरीची जागा आपलीच आहे असं सांगून तो ती बिल्डरला विकायला निघाला होता. पपांच्या फोटोंत मात्र त्या विहिरीवर सगळं गाव पाणी भरताना दिसत होतं.

"विहिरीचे फोटो दे."

"नाही देणार. ते गावाचे आहेत."

डॅरिलने तिचे केस धरून तोंड टेबलावर आपटलं. दात तुटला. रक्त फोटोंवर सांडलं. तो फोटो मुठीने चुरगाळून टराटरा फाडू लागला. यव्होनच्या हाताला दांडा लागला. तिने तो सगळ्या जोराने त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला. डॅरिल किंचाळत गुडघ्यांवर आला.

"बस गं, बस! सोड मला!"

तिने दांडा पुन्हा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. मग तिने दांडा खाली टाकला.

उरलेल्या फोटोंमुळे पुढे विहिरीचा सौदा मोडला. पण त्याच संध्याकाळी पोलीस चौकीत, सुजलेल्या तोंडाने, ती जबाब द्यायला बसली. हवालदार समजुतीने म्हणाला, "बाई, जीव वाचवायला मारलंत, असंच लिहितो."

"पहिला फटका तसा होता," यव्होन म्हणाली. "दुसऱ्या वेळी तो गुडघ्यांवर होता. तेही लिहा."