वाऱ्यावरचा आळ

मित्रांनो, वयानं मी जुनी असले तरी माझी बिजागरी अजून कुरकुरत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एक खिडकी आहे. कळमनुरीच्या डोंगराकडच्या अंगाला आंध आदिवासींची एक वाडी आहे. तिथल्या जळबाच्या मातीच्या घरात माझा मुक्काम. त्या वाडीतली पहिली खिडकी मीच. कुणी म्हणेल, ही फार मिरवते. मिरवते खरी. पण जिच्यावर माणूस मारल्याचा आळ आला आणि जी त्यातून निर्दोष सुटली, तिनं थोडं मिरवलं तर बिघडलं कुठं?

माझा जन्म एका मोडक्या बैलगाडीतून झाला. चाकं गेली, जू गेलं आणि उरलेलं बाभळीचं लाकूड मुंजाजी सुताराच्या अंगणात पडून राहिलं. जळबाचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको गोजरबाई चुलीशी बसली की धुरानं तिच्या डोळ्यांना धारा लागायच्या. "तिच्या डोळ्यात धूर न्हाई गेला पायजे," एवढंच त्यानं सुताराला सांगितलं. मुंजाजीनं हसत हसत चौकट ठोकली, गज घातले, दोन झडपा बसवल्या, आणि बाजाराच्या दिवशी जळबा मला डोक्यावर घेऊन घरी आला.

काय दिवस होते ते! सकाळचं ऊन मी आत घ्यायची आणि चुलीचा धूर बाहेर घालवायची. गोजरबाई माझ्यातूनच शेजारणीला विरजण द्यायची आणि वाडीभरच्या बातम्या घ्यायची. त्यांचा संतराम माझे गज धरून उभा राहायला शिकला. सणाला ती माझ्या चौकटीला गेरू लावायची आणि पोराला सांगायची, "ही हाय म्हणून घरात उजेड हाय रे बाबा." अशी वाहवा ऐकली की मी फुलून जायची.

पुढं जळबाला खोकला लागला. दिवसभर दुसऱ्याच्या रानात हळद काढायची आणि घरी येऊन भाकर-मिरची खायची, असं त्याचं चाललेलं. अंगावर मांस उरलं नव्हतं. दम लागायचा म्हणून त्याची बाज माझ्याखाली टाकली होती. दवाखाना लांब होता आणि मजुरी बुडवून तिथं जायला त्याचा पाय निघेना. एका सकाळी मी सताड उघडी असताना तो गेला. गोजरबाईनं मान वर करून थेट माझ्याकडं पाहिलं. "वाऱ्यानं नेलं माझ्या माणसाला," ती म्हणाली. आयुष्यभर ज्याला वारा घातला त्याचाच जीव घेतल्याचा ठपका माझ्यावर आला, मित्रांनो. फार लागलं मला ते.

त्यानंतर माझी कडी क्वचितच निघायची. संतराम मोठा झाला, शितल सून म्हणून आली, निता जन्मली. दिवाळी झाली की ते तिघं ऊसतोडीला जायचे. सगळी वाडीच जायची म्हणा ना. तिकडं फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे एवढ्याशा झोपडीत, माणसं एकमेकांना खेटून झोपतात, एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येतो, हे मी शितलच्या तोंडून ऐकलेलं आहे. परवाच्या हंगामाहून संतराम परतला तो खोकतच. संध्याकाळ झाली की त्याच्या अंगात कणकण यायची.

गोजरबाईला जळबाचा खोकला आठवला. "बापाला नेलं त्याच वाऱ्यानं. ह्याला न्हाई नेऊ देणार," म्हणत तिनं माती आणि शेण कालवलं आणि मला आतून पार लिंपून टाकलं. झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावं तितक्या मायेनं ती मला बुजवत होती, म्हणून मला तिचा राग आला नाही. भीती मात्र वाटली. आता एकाच खोलीत चूल, चौघांची अंथरुणं आणि संतरामचा खोकला. त्या खोकल्याला बाहेर जायला वाटच उरली नाही. तो तिथल्या तिथंच सगळ्यांच्या छातीत फिरत राहिला.

आणि एक दिवस निता खोकली. खेळायला जायचं तिनं सोडलं. ताटातली भाकर तशीच राहू लागली, बरगड्या दिसू लागल्या.

"आत्याबाई, हिला दवाखान्यात न्यावं म्हणते," शितल सासूला म्हणाली.

संतराम तिच्यावर खेकसला, "त्या दुखण्याचं नाव काढू नको घरात! वाडीला कळलं तर आपल्या हातचं पाणी बी पिणार न्हाई कोनी."

दोनच दिवसांनी सरकारी दवाखान्याची आशा सेविका लक्ष्मीबाई खोकल्याची चौकशी करत दारोदार फिरत आमच्याकडं आली. धुरानं तिचे डोळे चुरचुरले. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "मावशी, खिडकी काहून लिंपली?"

"वारं बाधतं, ताई. माझं माणूस वाऱ्यानंच गेलं. आता पोरीलाबी तेच लागून राहिलं."

"पोरीला कुठलं वारं लागलं, मावशी? वाट तर तुमीच बुजवली की!"

गोजरबाईनं लिंपलेल्या भिंतीकडं वळून पाहिलं. मातीखाली माझा जीव कानात गोळा झाला.

"वारं आलंच न्हाई, तरी लेकरू खोकलून राहिलं," लक्ष्मीबाई हळूच म्हणाली. "मग दुखणं आलं कुठून?"

"माझ्याकडून," कोपऱ्यातून संतराम बोलला. त्याची मान खाली होती. "फडाकडच्या डाक्टरनं टीबी सांगितला व्हता. गोळ्या बी देल्या. बरं वाटलं, टोळी दुसऱ्या गावाला गेली, अन् म्या सोडून देल्या."

लक्ष्मीबाई रागावली नाही. "सांगितलं ते बेस केलं. उद्या सगळेच चला माझ्यासंग. ह्यो आजार बरा व्हतो, दादा. फक्त औषध मधी सोडायचं न्हाई."

गोजरबाई उठली. खुरपं घेऊन ती माझ्याशी आली आणि लिंपण खरवडू लागली. ढेकळं पडली, कडी निघाली, झडपा उघडल्या आणि निताच्या अंथरुणावर ऊन पडलं. गोजरबाईनं माझ्या चौकटीवर हात ठेवला. "म्हंजी संतरामच्या बापालाबी हेच दुखणं व्हतं, वाऱ्यानं न्हाई नेलं," ती पुटपुटली. "दवाखान्यात न्यायला पायजे व्हतं म्या." आणि ती ओक्साबोक्शी रडली. आळ गेला खरा, पण त्या घटकेला मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

तपासणीत संतराम आणि निता दोघांनाही क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून औषधं सुरू झाली. निताला आधी गोळ्यांनी मळमळायचं. गोजरबाई तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची, मग गोळी द्यायची, वर उकडलेलं अंडं भरवायची. दिवाळीनंतर ऊसतोडीचा मुकादम बोलवायला आला, तेव्हा संतरामनं दारातूनच सांगितलं, "गोळ्या पुऱ्या झाल्याबिगर येत न्हाई." खोकल्याच्या नावानं तोंड लपवणारा माणूस ते सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलला. औषधं पुरी झाली. आता निता इतकी दांडगी झाली आहे की माझ्या गजांवर चढून मला पार हलवून सोडते. मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा भिंतीत माझ्यासारखीला जागा ठेवा आणि तिला उघडी ठेवा. पंधरवडा उलटूनही खोकला हटला नाही, तर त्याचं नाव घ्यायला लाजू नका. बरं वाटलं म्हणून औषध टाकू नका. मला काय दोष द्यायचा तो द्या, मी सोसीन. पण वाऱ्याला दोष देत बसलं की दवाखान्यात जायची वेळ निघून जाते. जळबाची गेली. निताची आम्ही जाऊ दिली नाही.