बंधुराष्ट्र खरेदीला आलं

माझा मामा ठराव मांडतो. तो पक्षाचा शहर सचिव आहे, त्यामुळे त्याला दुसरं काही करावं लागत नाही आणि करताही येत नाही. आमच्याकडे जेवायला आला की ताट समोर येताच त्याचा हात आधी वर जातो, मग ताटाकडे. पाठीमागे मी त्याला ठरावमामा म्हणते. तोंडावर अर्थात 'अहो मामा', कारण आईची नोकरी त्याच्याच कृपेनं टिकून आहे, असं त्याचं म्हणणं.

आई शहरातल्या सरकारी भांडाराची व्यवस्थापक. भांडार म्हणजे लांबलचक दालन, भिंतीभर काचेची कपाटं आणि कपाटांत बहुतेक काचच. साबण येतो तेव्हा दुपारपर्यंत संपतो. बुटांच्या नाड्या मात्र बाराही महिने मिळतात, बूट मिळत नाहीत. नाड्यांचा कारखाना ठरल्याप्रमाणे उभा राहिला आणि बुटांचा पुढच्या पंचवार्षिक योजनेत गेला, एवढंच त्याचं कारण. आई नाड्या रंगाप्रमाणे लावते.

आता बंधुराष्ट्राविषयी. हे आमच्यापेक्षा कितीतरी मोठं राष्ट्र. त्यांनी आम्हाला क्रांती शिकवली, यंत्रं दिली (सुटे भाग देतो म्हणाले) आणि सल्लागार दिले, ज्यांचे सुटे भाग लागत नाहीत, कारण ते मुळातच चालत नाहीत. शाळेत आम्ही त्यांची भाषा शिकतो. पुस्तकातल्या पहिल्याच धड्यात एक कुटुंब जेवायला बसलेलं आहे आणि टेबलावर इतकं काही मांडलंय की आमच्या वर्गातल्या मुली ते चित्र मधल्या सुट्टीत पुन्हा उघडून बघतात. मी त्या भाषेत पहिली येते. यात लाजायचं काय, येते तर येते.

तर या बंधुराष्ट्राचं शिष्टमंडळ आमच्या शहरात येणार होतं आणि त्याला आमची भरभराट दाखवायची होती. यासाठी आमच्याकडे एक पद्धत आहे. राजधानीच्या गोदामात चांगला माल ठेवलेला असतो. साबण, बूट, घोंगड्या, इस्त्र्या, मुलामा दिलेली पातेली. ज्या शहरात पाहुणे येणार तिथे तो आदल्या दिवशी ट्रकनं जातो, कपाटांत मांडला जातो आणि पाहुण्यांची पाठ वळली की परत ट्रकमध्ये चढतो. त्यातली एक इस्त्री माझ्याहून जास्त देश फिरली आहे. या मालाला हात लावायला सगळे घाबरतात. शेजारच्या शहरातल्या भांडारवाल्या बाईंकडून अशीच एक इस्त्री हरवली, आणि त्या आता वीटभट्टीवर विटा वाहतात.

म्हणून आईचा जीव मुठीत होता. मामा म्हणाला, "ताई, मी आहे ना." ते ऐकून तिचा जीव आणखी घट्ट मुठीत गेला.

आम्हा शाळेतल्या मुलींना गिऱ्हाईक केलं होतं. मी बुटांच्या कपाटाशी. पायात नवे बूट घालून आरशात पाहायचं, हसायचं, आणि पाहुण्यांनी काही विचारलंच तर त्यांच्या भाषेत सांगायचं की आमच्या भांडारात जे दिसतं ते सगळं जनतेसाठी आहे. हे वाक्य मामानं स्वतः रचलं होतं आणि ठराव करून मंजूर करून घेतलं होतं.

पाहुणे आले. छातीवर पदकं असलेला प्रमुख, दुभाषा, चार-सहा गृहस्थ आणि करड्या कोटातल्या एक बाई. मामाचं भाषण झालं. मग सगळे कपाटांपाशी आले आणि जागीच थबकले. मला वाटलं, आता नाकं मुरडणार. पुस्तकातल्या त्या टेबलावरून उठून आलेली माणसं ही, त्यांना आमच्या साबणाचं काय.

बाईंनी साबणाची वडी उचलली, वास घेतला आणि डोळे मिटले. माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, हे विकत मिळतं का? कुणालाही?

मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. उच्चार अगदी झकास आला.

बाईंनी कोटाच्या खिशातून घडी घातलेली पिशवी काढली. मग प्रमुखानं काढली. मग दुभाष्यानं. प्रत्येकाच्या खिशात पिशवी होती. मी बघतेय तोवर रांग लागलीसुद्धा, कुणीही न सांगता, पुढच्याच्या पाठीला पोट टेकवून, मधे कुणी घुसू नये अशी. आम्ही लहानपणापासून रांगेत वाढलो, पण इतकी सफाई आम्हालाही नाही. अशी रांग रोजच्या सरावाशिवाय येत नाही. त्या क्षणी माझा पहिला धडा कायमचा मिटला. ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणून आम्ही उपाशी राहिलो, ते आमच्याकडे साबण घ्यायला आले होते.

आईनं मामाकडे पाहिलं. मामाच्या एका बाजूला वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता आणि खांद्यावर प्रमुखाचा जाडजूड हात. मामा हसला. त्यानं मान हलवली, वर दोन्ही हात पसरून 'घ्या, घ्या' अशी खूणही केली. मग आईनं विकलं. प्रमुखानं घोंगड्या घेतल्या. दुभाष्यानं इस्त्र्या घेतल्या, त्यात ती जगप्रवासीही गेली. शेवटी बाईंनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मी बूट काढून दिले आणि मोज्यांवर उभी राहून हसत राहिले, ठरल्याप्रमाणे.

गोदामाचा ट्रक आला तेव्हा परत न्यायला फक्त नाड्या होत्या. त्या आमच्याच.

त्या संध्याकाळी मामा घरी आला आणि हात वर न करताच बसला. गोदामप्रमुख चौकशीला येतोय, म्हणाला. शनिवारच्या सभेत कुणीतरी उभं राहून आत्मटीका करायला हवी. आत्मटीका म्हणजे आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, मग सगळ्यांनी मिळून तुम्हाला शिक्षा द्यायची आणि त्याबद्दल तुम्ही आभार मानायचे. हे ताईनं करावं, असं त्याचं मत. वर्षा-दोन वर्षांत तो तिला वीटभट्टीवरून परत आणणार होता.

"मान कुणी हलवली?" आईनं विचारलं.

"ताई, माझी मान पक्षाची आहे."

नंतर आई आरशासमोर उभी राहून 'माझी चूक झाली' म्हणून बघू लागली. तिला ते नीट जमेना. सारखं 'आमची' यायचं.

मी शाळेच्या युवा पथकाची प्रतिनिधी म्हणून या सभांना मागच्या बाकावर बसते. आमचं काम टाळ्या. पण बसून बसून मला एक गोष्ट कळली होती. तिथे टीकेवर वाद होतो, शिक्षेवर घासाघीस होते, पण कौतुकाच्या विरोधात कुणाचा हात वर गेलेला मी आजवर पाहिला नव्हता. कोण मरायला जाईल? कौतुक आज नको म्हणावं आणि उद्या तोच माणूस मंत्री व्हावा.

शनिवारी सभागृह भरलं. टेबलावर लाल कापड, पाण्याचा तांब्या आणि तांब्याएवढंच हलणारा गोदामप्रमुख. मामा पहिल्या ओळीत, आईकडे न बघता. अध्यक्षांनी विषय पुकारला. आईनं खुर्चीच्या पाठीला धरून उठायला सुरुवात केली, तोच मी बाकावर उभी राहिले. खरं तर खाली उभं राहूनही चाललं असतं.

"आमच्या शहर सचिवांच्या अभिनंदनाचा ठराव मी मांडते," मी म्हटलं. "पाहुण्यांना माल विकायचा निर्णय त्यांनी जागच्या जागी, एकट्यानं, कुणालाही न विचारता घेतला. बंधुराष्ट्राला काही कमी पडलं तर आपण देऊ शकतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. कुणाचा विरोध असेल त्यानं हात वर करावा."

गोदामप्रमुखाचा हात थोडा उचलला गेला, वाटेत त्याला काहीतरी आठवलं, आणि त्या हातानं त्यानं कान खाजवला. मागच्या बाकांवरून माझ्या पथकानं टाळ्या सुरू केल्या. मग सगळ्यांनीच.

अध्यक्षांनी मामाला विचारलं की हे असंच घडलं का. मामा उभा राहिला. पायांना सवयच आहे. त्याला नाही म्हणता येत होतं, पण मग बंधुराष्ट्राला साबण देणं चूक होतं असं भर सभेत म्हणावं लागलं असतं. आणि समोर अभिनंदन वाढलेलं होतं. समोर वाढलेलं त्यानं कधी परत केलंय?

"असंच घडलं," तो म्हणाला. "निर्णय संपूर्णपणे माझा. यात आमच्या ताईचं काडीचंही श्रेय नाही."

आई खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा मामा तिच्या उपयोगी पडला, तोही तिच्या वाट्याचं काही राहू नये या भीतीनं.

विटा कुणीच वाहिल्या नाहीत. राजधानीत मात्र ठराव वाचला गेला आणि बंधुराष्ट्राची नस ओळखणारा असा माणूस तिथेच हवा, असं ठरलं. मामाला त्यांच्या देशातल्या आपल्या वकिलातीत व्यापार सल्लागार म्हणून पाठवलं. हे त्याचं जन्माचं स्वप्न. निघताना त्यानं फाटकापाशी भाषण केलं. धड्यातलं ते टेबल त्याच्या डोळ्यांत लखलखत होतं. मी त्याला रांगेबद्दल काहीही सांगितलं नाही. तो तिथेच उभा होता, त्यानं स्वतः पाहिली होती. पण पाहिलेलं खरं मानायला आधी त्याला ठराव लागतो.

हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. वर बंधुराष्ट्राच्या प्रगतीचं वर्णन, भरगच्च. खाली, जरा बारीक अक्षरात: ताई, जमलं तर साबण पाठव. बूटही, आठ नंबर.

आई पत्र घेऊन भांडारातल्या कपाटांसमोरून एकदा इकडून तिकडे गेली. बहीण आहे ती, तिनं खरंच शोधलं. मग तिनं काळ्या नाड्यांचे दोन जोड कागदात गुंडाळले आणि पत्ता घालायला पुडकं माझ्यापुढे सरकवलं. पत्ता बंधुराष्ट्राच्या भाषेत घालावा लागतो. तो मी वळणदार अक्षरात घातला, आणि खाली जागा उरली होती म्हणून मामाचंच वाक्य लिहिलं: जे दिसतं ते सगळं जनतेसाठी आहे.