हजेरीपटातले तेवीस दिवस

पेन्शन कचेरीतल्या बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट असत्या तर कागद वर पाठवून मोकळ्या झाल्या असत्या.

"हा तुमचा अर्ज. तीन तारखेला पाइपलाइनच्या खड्ड्याचं झाकण हातावर पडलं, असं लिहिलंय. आणि हे मस्टर. यात तुम्ही चार तारखेपासून महिनाअखेरपर्यंत कामावर हजर. तेवीस दिवस."

फिटरने उजवा हात मांडीवरून उचलला नाही. त्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढंच उरलं होतं. पाणीखात्यात बारा वर्षं त्याने याच हाताने पाइप जोडले होते.

ते तेवीस दिवस तो हॉस्पिटलात होता. हजेरी मुकादमाने लावली होती. त्यांच्या टोळीचा रिवाजच होता तो. कोणी आजारी पडलं की त्याचा खाडा पडू द्यायचा नाही, बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं. मुकादमाची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा फिटरनेच त्याच्या नावापुढे आठ दिवस सह्या ठोकल्या होत्या. "आठवड्यात येशील रे कामावर, कशाला उगाच कागद रंगवायचे?" मुकादम खाटेशी बसून म्हणाला होता. पण जखम चिघळली, बोटं कापावी लागली, आणि अपघाताचा कागद करायची वेळ आली तेव्हा मस्टर केव्हाच वर गेलं होतं. मुकादम त्या दिवशी लहान मुलासारखा रडला. पुढे सहा महिन्यांत छातीत कळ येऊन तोही गेला.

"कामावरचा अपघात म्हटलं, तर पगाराच्या दोन तृतीयांश पेन्शन," बाई म्हणाल्या. "अपघाताची भरपाई वेगळी मिळाली की तेवढी या पेन्शनमधून कापतील."

"म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं."

"तसंच."

"त्यांना दोन हात आहेत, बरं आहे."

बाई हसल्या नाहीत. "पण त्याला हे मस्टर जोडावं लागतं. मग खोटी हजेरी कोणी लावली याची चौकशी होणार. तो माणूस हयात नसला, तरी त्याच्या घरच्यांची पेन्शन अडकते. घरी झालेली दुखापत म्हटलं, तर मस्टर कोणी मागत नाही. डॉक्टर फक्त हात बघतो. पण मग बारा वर्षांच्या हिशेबाने जे बसेल तेच. निम्म्याहून कमी. चार वाजेपर्यंत सांगा."

तो बाहेर पडला. पाय आपोआप मुकादमाच्या घराकडे वळले. वहिनींना सगळं सांगायचं, त्यांनीच काय ते ठरवावं, असं त्याच्या मनात होतं. खरं तर त्याला ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं होतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

वहिनी शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली.

"भावजी, तुमची पेन्शन झाली का? हे शेवटपर्यंत तेच विचारायचे. त्याचं काम झालं ना, त्याचं काम झालं ना." मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "आता त्यांच्या पेन्शनवरच चाललंय आमचं. पोरीची फी त्यातूनच भरली परवा."

फिटरने पेला खाली ठेवला. "झालीच समजा," तो म्हणाला आणि उठला.

चारला दहा कमी असताना त्याने डाव्या हाताने नवा अर्ज लिहिला. अक्षरं वेडीवाकडी आली. कारणाच्या रकान्याशी तो थांबला. बारा वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून काम केलं, आणि आता आपल्याच हाताने लिहायचं की कामावर काही झालंच नाही. बोटं गेली तेव्हा वाटलं नव्हतं एवढं वाईट त्याला आत्ता वाटलं. त्याने लिहिलं, "घरी जिन्यावरून पडून." बाईंनी शिक्का मारला आणि त्याच्याकडे न बघता नक्कल पुढे केली.

बायको दारातच वाट बघत होती. गेली दोन वर्षं ती हॉस्पिटलच्या धोबीखान्यात ओल्या चादरी उपसत होती, गुडघे पार गेले होते. पूर्ण पेन्शन लागली की ती काम सोडणार होती. रबरी बूट तिने कालच धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले होते.

तिने नक्कल दोनदा वाचली.

"अहो, आपल्याकडे जिना कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली. मग थांबत थांबत सगळं सांगितलं. वहिनींचं, पोरीच्या फीचं, मस्टरचं. त्याचं संपल्यावर तिने स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात टेकत वर चढली आणि माळ्यावरून बूट काढले. वरचा कागद नीट घडी करून ठेवला. बूट दाराशी लावले.

"उद्या कोणी मला विचारलं, तर?" ती पाठमोरीच म्हणाली. "कितव्या पायरीवरून पडलात म्हणून सांगू?"

तो म्हणाला, "तिसऱ्या."

"बरं," ती म्हणाली. "तिसऱ्या."